शेवटच्या भागावरचा राग नेमका कशाचा असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या दहा भागांच्या गुन्हेगारी मालिकेचा शेवटचा भाग नुकताच प्रसारित झाला. नायिकेला, म्हणजे तपास अधिकाऱ्याला, सुरुवातीपासून सल्ला देणारा तिचा निवृत्त वरिष्ठच खुनी निघाला, पाठलागात त्याला गोळी लागली आणि मालिका संपली. त्या रात्रीपासून "एवढ्यासाठी दहा आठवडे थांबलो का?" असे म्हणत प्रेक्षक तुटून पडले आहेत. थोड्यांनी मनापासून कौतुकही केले आहे. या प्रतिक्रिया मनावर घ्यायच्या, की शेवट कधीच सगळ्यांना पटत नाही असे समजून पुढच्या कामाला लागायचे, हे तुम्हाला उमगत नाही.

मी बावीस वर्षे गुन्हेगारी मालिकांसाठी कथाविस्तार आणि पटकथा लिहितो आहे, आणि गेली काही वर्षे इतरांच्या पटकथा तपासूनही देतो. त्या अनुभवावरून सांगतो : प्रतिक्रिया मनावर घ्याच, मात्र शब्दशः घेऊ नका. आपल्याला कुठे खटकले हे प्रेक्षकाला फार अचूक कळते. का खटकले याचे जे कारण तो देतो, ते मात्र बऱ्याचदा खरे नसते. "खुनी पटला नाही" असे तो म्हणतो तेव्हा अनेकदा खुनी ठीकच असतो आणि चौथ्या भागात दिलेला एखादा शब्द पाळायचा राहून गेलेला असतो. शेवट शेवटच्या भागात क्वचितच बिघडतो. तो आधीच कुठेतरी बिघडलेला असतो आणि शेवटच्या भागात फक्त उघडा पडतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते काही गाजलेल्या शेवटांवर तपासून पाहू. पुढे अनेक मालिकांचे शेवट फोडावे लागणार आहेत; ज्यांनी त्या पाहिलेल्या नाहीत त्यांनी इथेच थांबावे.

गुन्हेगारी मालिकेचा प्रेक्षक दोन प्रश्नांची उत्तरे मागत असतो. गुन्हा कोणी केला, हा पहिला. त्याचे पुढे काय होणार, हा दुसरा. अमेरिकेतल्या 'द फ्युजिटिव्ह' या मालिकेत पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप आलेला डॉक्टर रिचर्ड किंबल 1963पासून एका हाताच्या माणसाला शोधत पळत होता आणि पोलीस खात्यातला लेफ्टनंट जेरार्ड त्याच्या मागावर होता. 120 भागांनंतर, 29 ऑगस्ट 1967 रोजी, तो शोध संपला. त्या वेळी अमेरिकेत जेवढे दूरचित्रवाणी संच सुरू होते, त्यांपैकी 72 टक्के संचांवर हाच भाग लागलेला होता. त्या काळी बहुतेक मालिका कसलाही समारोप न करता बंद होत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. शेवट रचलाही नीट होता. एका हाताचा माणूस मरतो, आणि तोही जेरार्डच्याच गोळीने, म्हणजे पाठलाग करणाऱ्यानेच अखेर निरपराधाला वाचवलेले असते. पण खुनी मेल्यावर साक्ष कोण देणार? तेव्हा कळते की खुनाच्या रात्री किंबलचा एक शेजारी त्या घरातच होता, त्याने सगळे पाहिले होते आणि भीतीने गोठून तो गप्प राहिला होता. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, शिवाय चार वर्षे कोणी विचारलाच नव्हता असा तिसरा प्रश्नही समोर येऊन सुटला. शेवट पाहून माणूस समाधानाने उठतो तो अशा वेळी.

आता याच्या अगदी उलट टोक पाहा. 2011 साली अमेरिकेत 'द किलिंग' ही मालिका आली. रोझी लार्सन या मुलीचा खून कोणी केला, हा एकच प्रश्न तिच्या जाहिरातींतून सगळीकडे विचारला गेला होता. तेरा भाग झाले. 19 जून 2011च्या शेवटच्या भागात एका राजकीय उमेदवाराला अटक झाली, तपास अधिकारी लिंडन विमानात बसली, आणि तेवढ्यात तिला फोनवरून कळले की ज्या छायाचित्रावर ही अटक उभी आहे ते छायाचित्र अस्तित्वात असूच शकत नाही, कारण पुलावरचे कॅमेरे कित्येक महिने बंद होते. पर्व तिथेच संपले आणि खुनी कोण ते कळले नाही. उत्तर मिळायला प्रेक्षकांना पुढचे वर्ष, म्हणजे जून 2012 उजाडेपर्यंत थांबावे लागले. त्या रात्रीचा संताप मला चांगला आठवतो. अनेक लेखकांनी तेव्हा प्रेक्षकांना उतावीळ ठरवले होते. मला ते तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाही. ज्या डॅनिश मालिकेवरून ही घेतली होती, तिच्या पहिल्या पर्वाचे वीस भाग होते आणि वीस भागांत एकाच खुनाचा तपास होता. तरी प्रेक्षक थांबले. थांबायला प्रेक्षक कधीच नाखूश नसतो. मात्र किती थांबायचे हे त्याला आधी कळलेले असावे लागते. पर्वाच्या दारावरच प्रश्न लिहिल्यावर उत्तर त्या पर्वाच्या आतच मिळणार, असा अर्थ त्याने घेतला आणि तो अर्थ रास्त होता. अशा प्रतिक्रियेला मी फसवणुकीची प्रतिक्रिया म्हणतो. तिच्यात नेहमी वेळेचा हिशोब येतो : इतके आठवडे, इतके तास, इतके भाग. तुमच्या प्रेक्षकांनी दहा आठवडे मोजून दाखवले आहेत, म्हणून ही खूण आधी सांगितली.

परंतु उत्तर दिले, नियमात राहून दिले, तरीही प्रेक्षक नाराज झाले, असेही घडते, आणि लेखकाला खरे शिकायला मिळते ते इथेच. बीबीसीची 'लाइन ऑफ ड्यूटी' ही मालिका भ्रष्ट पोलिसांचा तपास करणाऱ्या पथकाची गोष्ट आहे. 2012पासून ती चालू होती. 2016च्या पर्वात एक भ्रष्ट अधिकारी मरताना काही खुणा करून जातो. पुढे, 2019च्या पर्वात, पथकाला उलगडा होतो की मरताना त्याच्या बोटांनी चार ठोके दिले होते. मोर्सच्या लिपीत चार बिंदू म्हणजे 'एच' हे अक्षर, ज्या नावाने पथक दडलेल्या सूत्रधाराला शोधत होते, आणि त्याचाच दुसरा अर्थ असा की पोलीस यंत्रणेत दडलेली टोळीची माणसे चार आहेत. तिघे कळले होते, चौथा उरला. पुढचे पर्व यायला जवळपास दोन वर्षे गेली. 2 मे 2021च्या रात्री ब्रिटनमध्ये सुमारे 1 कोटी 28 लाख लोक पडद्यासमोर बसले होते. चौकशीच्या खोलीत चौथा माणूस आणून बसवला गेला, आणि तो निघाला इयन बकल्स : कामात ढिला, कोणी फारसे गंभीरपणे न घेतलेला, खालून वर सरकत गेलेला अधिकारी. तो सापडला कशामुळे, तर इंग्रजीतला एक साधा शब्द तो सतत चुकीच्या स्पेलिंगने लिहीत असे, आणि गुन्हेगारी टोळीला गेलेल्या संदेशांत तीच चूक होती.

नियमाने पाहिले तर इथे काहीही चुकलेले नाही. बकल्स पहिल्या पर्वापासून मालिकेत होता. ब्रिटिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 साली रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या टप्प्यात वाचकाला दिसलेला असला पाहिजे. तो पाळला गेला होता. स्पेलिंगचा धागाही आधीच्या पर्वात पेरलेला होता. आशयाच्या बाजूनेही निवड विचारपूर्वक होती. भ्रष्टाचाराच्या मुळाशी कोणी थोर सूत्रधार नसतो, तो सामान्य, लोभी आणि नालायक माणसांच्या हातून चालतो, हे लेखक जेड मर्क्युरिओ यांना म्हणायचे होते, आणि ते खरेच आहे. मग राग कशाचा होता? माझ्या मते राग मापाचा होता. चार ठोके, एक अक्षर, अनेक वर्षांची कुजबुज, प्रत्येक पर्वाच्या शेवटी वाढवत नेलेली भीती, या सगळ्याने प्रेक्षकाच्या मनात एका विशिष्ट आकाराची जागा तयार केली होती. उत्तर खरे असले तरी त्या जागेत ते लहान पडले. 'सूत्रधार नाहीच' हे सांगायचे होते, तर सूत्रधाराची चाहूल इतकी वाढवायला नको होती. किंवा ती वाढवल्यावर बकल्सचे सामान्यपण हेच किती भयंकर आहे, हे दाखवणारा एक सबंध भाग द्यायला हवा होता. सत्याला पडद्यावर वेळ कमी मिळाला. म्हणून "बकल्स? एवढंच?" या प्रतिक्रियेचा मी "दुसरा खुनी हवा होता" असा अर्थ लावत नाही. "ज्याला घाबरायला तुम्ही मला इतकी वर्षे शिकवलेत, त्याला समोर ठेवून मला पुरेसे घाबरवले नाहीत", असा तिचा अर्थ आहे.

तर्क लढवणाऱ्या प्रेक्षकांविषयी इथेच सांगून टाकतो, कारण लेखकांच्या खोलीत त्यांना विनाकारण दोष दिला जातो. 'ट्रू डिटेक्टिव्ह'च्या पहिल्या पर्वात, 2014 साली, दर आठवड्याला नवे कट, नव्या संघटना, चिन्हांचे नवे अर्थ मांडले जात होते. शेवटी खुनी निघाला तो माणूस तिसऱ्या भागात एका बंद पडलेल्या शाळेच्या आवारात गवत कापताना दिसून गेला होता. अनेकांची निराशा झाली, कारण त्यांनी आठ आठवडे मनात रचलेली मालिका अधिक गुंतागुंतीची होती. साप्ताहिक मालिकेत हे होणारच. दोन भागांमध्ये सात दिवस असतात, आणि त्या सात दिवसांत लाखो माणसांनी मिळून लिहिलेली कथा खोलीत बसलेल्या पाच लेखकांच्या कथेपेक्षा दाट असते. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. ज्याने तर्क लढवले त्याने आपल्या कामावर वेळ आणि बुद्धी खर्च केली आहे. त्याला हरवायला जाणे हा सगळ्यांत मोठा मोह असतो. त्या मोहाला मी एकदा बळी पडलो होतो. ते पुढे सांगतो.

आधी ज्या शेवटाने माझी स्वतःची लिहिण्याची पद्धत बदलली, त्याकडे वळतो. 'ब्रॉडचर्च'चे पहिले पर्व 2013मध्ये ब्रिटनमध्ये आठ भागांत झाले. समुद्रकिनाऱ्यावरच्या लहानशा गावात डॅनी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाचा खून होतो. तपास करणाऱ्या दोघांपैकी एली मिलर ही त्याच गावची. आठव्या भागात कळते की खून एलीच्या नवऱ्याने केला आहे. हे रहस्य भागाच्या अगदी शेवटी फोडलेले नाही, ते सुरुवातीच्या टप्प्यातच उघड केले आहे. उरलेला सगळा वेळ या सत्याचे काय करायचे, यासाठी ठेवला आहे. एलीला ही गोष्ट सांगितली जाते तो प्रसंग, मग कुटुंबांना कळणे, मग गाव. त्याच्या एकच भाग आधी एली दुसऱ्या एका बाईला विचारते, तुझा नवरा घरात असे काही करत होता आणि तुला कळले कसे नाही? आठव्या भागात डॅनीची आई अगदी हाच प्रश्न एलीला विचारते. अनेकांनी खुनी आधी ओळखला होता, तरी या शेवटाने त्यांना हलवून सोडले, याचे कारण इथे आहे. ओळखले जाणे ही शेवटाची हार नाही. ओळखल्यानंतरही पाहण्यासारखे काही उरले नसेल, तर ती हार.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे 'पुढे काय होणार' याला, मी पाहिलेले सर्वांत कठोर उत्तर 'द शील्ड'चे आहे. 2002च्या पहिल्याच भागात व्हिक मॅकी हा पोलीस अधिकारी आपल्याच पथकातल्या सहकाऱ्याला गोळी घालतो. सात पर्वे प्रेक्षक वाट पाहतात की हा तुरुंगात जाणार की मरणार. नोव्हेंबर 2008मध्ये तो यांपैकी कशालाच सामोरा जात नाही. सगळे गुन्हे कबूल केले तर खटल्यापासून कायमचे संरक्षण, असा करार करून तो कबुली द्यायला बसतो, आणि बोलायला सुरुवात करण्यापूर्वी बराच वेळ नुसता गप्प राहतो. पडद्यावर एवढी लांब शांतता ठेवायला धाडस लागते. त्या शांततेत सात वर्षांचा हिशोब मनातल्या मनात होऊन जातो. करारानुसार त्याला तीन वर्षे नोकरी मिळते, पण ती टेबलावरची : कोट, टाय, रोजचा टंकलिखित अहवाल. बायकामुले त्याच्यापासून लपवलेली, पथकातला एक मित्र आत्महत्या करून गेलेला, दुसरा याच्याच कबुलीमुळे तुरुंगात. कार्यालयातले दिवे मालवतात, बाहेर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजतो आणि तो खिडकीशी जाऊन ऐकत उभा राहतो. प्रेक्षकांनी मागितली होती ती शिक्षा त्याला मिळाली नाही, तरी या शेवटावर अन्यायाचा आरोप फारसा झाला नाही. शिक्षा त्या माणसाच्या मापाची होती, आणि तिचे सगळे साहित्य आधीच्या सात पर्वांत मांडून ठेवलेले होते.

'द सोप्रानोज'चा उल्लेख टाळता येणार नाही. 10 जून 2007च्या त्या शेवटात मालिकेचा नायक, माफिया टोळीचा प्रमुख टोनी सोप्रानो, एका साध्या खाणावळीत बसला आहे. दार उघडले की घंटी वाजते आणि तो मान वर करतो. बायको येते, मुलगा येतो. एक अनोळखी माणूस काउंटरवरून उठून स्वच्छतागृहाकडे जातो. मुलीला बाहेर गाडी नीट लावता येत नाही. घंटी पुन्हा वाजते, टोनी मान वर करतो, आणि पडदा काळा होतो. आवाज नाही, श्रेयनामावली नाही, सुमारे दहा सेकंद नुसता काळोख. असंख्य लोकांना वाटले की केबल गेली. त्यांनी संच तपासले आणि मग संतापले. आजही या शेवटाचे नाव काढले की दोन तट पडतात. माझी बाजू स्पष्ट आहे. त्याच अखेरच्या नऊ भागांपैकी पहिल्या भागात, तळ्यावरच्या नावेत बसून, टोनीचा मेहुणा त्याला म्हणतो की मरणाची ती वेळ येते तेव्हा बहुधा ऐकूसुद्धा येत नाही. आणि शेवटून दुसऱ्या भागात टोनीला ते बोलणे आठवते. म्हणजे तो काळोख आधी शब्दांत सांगून ठेवलेला होता. संच बिघडला असे वाटणे हीसुद्धा त्या शेवटाचीच प्रतिक्रिया होती. काय झाले ते न कळता सगळे थांबणे म्हणजे काय, हे प्रेक्षकाने स्वतः अनुभवले. तरी संतापलेल्यांना मी चूक म्हणणार नाही. टोनीवर त्यांनी जे प्रेम केले होते त्याला निरोप हवा होता, आणि तो त्यांना मुद्दाम नाकारला गेला. मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस यांनी ती किंमत जाणून मोजली. तुम्ही असा शेवट लिहिणार असाल, तर किंमत जाणून घेऊनच लिहा.

बाकीची दोन ठळक उदाहरणे लवकर आटोपतो. 'ब्रेकिंग बॅड'चा सप्टेंबर 2013चा शेवट बहुसंख्यांना आवडला, आणि ज्यांना आवडला नाही त्यांची तक्रार अशी होती की सगळे फार जुळून आले. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. सगळे घरच्यांसाठी केले असे पाच पर्वे सांगणारा, अमली पदार्थ बनवणारा शिक्षक वॉल्टर शेवटी बायकोला सांगतो की मी हे माझ्यासाठी केले. हा कबुलीजबाब नसता तर शत्रूंना संपवण्याचा शेवटचा बंदुकीचा बेत पोकळ वाटला असता. त्याच आठवडाभरात संपलेल्या 'डेक्स्टर'मध्ये असा कबुलीजबाबच नव्हता. बहिणीचा देह समुद्रात सोडून नायक, जो स्वतः अनेक खून केलेला माणूस आहे, वादळात शिरतो आणि शेवटी दूरच्या जंगलात लाकूडतोड्या म्हणून जगताना दिसतो, एक शब्दही न बोलता. तो राग इतका टिकला की आठ वर्षांनी मालिका परत आली, जानेवारी 2022मध्ये मुलाच्या हातून नायकाला गोळी घालून नवा शेवट झाला, त्यावरही लोक भांडले, आणि 2025मध्ये तो पुन्हा जिवंत होऊन आला. ज्या माणसाला आपण काय केले याचा जाब द्यावा लागला नाही, त्याची गोष्ट प्रेक्षकांच्या लेखी संपतच नाही.

आता माझी स्वतःची चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी आम्ही एका खुनाची मालिका लिहीत होतो. चौथ्या भागात मृताचा धाकटा भाऊ सांगतो की त्या संध्याकाळी मी घराबाहेर पडलोच नाही. कॅमेरा दाराकडे सरकतो आणि दारामागे एक छत्री टेकवलेली दिसते, तिच्या टोकाखाली फरशीवर पाण्याचा छोटा ओघळ. संवादात तिचा उल्लेख नव्हता. आम्हाला वाटले होते की कोणाला दिसणार नाही. आठव्या भागापर्यंत छत्री बऱ्याच जणांनी टिपली होती आणि भावावर बोट ठेवले होते. बैठकीत आम्ही घाबरलो. "सगळ्यांना कळलंय, खुनी बदलू" असा आग्रह धरणाऱ्यांत मीच पुढे होतो. चार भाग हातात होते. आम्ही खून मृताच्या व्यवसायातल्या भागीदारावर ढकलला, त्याला नवा हेतू दिला, नवा पुरावा दिला. शेवटच्या भागाने सगळ्यांनाच धक्का बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून शिव्या सुरू झाल्या. त्यांतले एक पत्र मी जपून ठेवले आहे. लिहिणाऱ्या बाईंनी खुनी कोण यावर एक ओळही लिहिलेली नाही. त्यांनी एवढेच विचारले होते : "मग त्या ओल्या छत्रीचं काय झालं?" प्रेक्षकाने पकडू नये म्हणून आम्ही उत्तर बदलले, आणि त्याने इमानाने पाहिलेली खूण खोटी ठरवली. काळजीपूर्वक पाहिल्याची शिक्षा त्याला केली. तेव्हापासून एक नियम मी पाळतो. प्रेक्षकांनी खुनी ओळखला आहे असे दिसले, तर खुनी बदलायचा नाही. उलगडा एक भाग अलीकडे आणायचा आणि मोकळी झालेली जागा परिणामांना द्यायची.

तर प्रतिक्रिया वाचायच्या कशा? पहिल्या रात्रीच्या प्रतिक्रियांत निरोपाचे दुःख मिसळलेले असते, ते वेगळे करावे लागते. 'सी. आय. डी.' ऑक्टोबर 2018मध्ये 1547 भागांनंतर थांबली तेव्हा सोडवायचे असे मोठे रहस्य काही उरलेले नव्हते, तरी लोक हळहळले. ती हळहळ वर्षानुवर्षे भेटणारी माणसे जाण्याची होती. असे दुःख रागाच्या भाषेतही बोलते. दुसरे असे की शेवट संपूर्ण आठवणीवर पसरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली लोकांना गार पाण्यात हात धरायला लावले होते : एकदा 14 अंशांच्या पाण्यात साठ सेकंद, आणि एकदा तेच साठ सेकंद अधिक आणखी तीस सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू अंशभर कोमट होत जाई. पुन्हा कोणता प्रयोग कराल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. म्हणून "सगळी मालिकाच वाया गेली" हे वाक्य आले की खचू नका. ते शेवटाविषयी आहे, नऊ भागांविषयी नाही. महिनाभर जाऊ द्या आणि मग ज्या प्रतिक्रियांत एखाद्या विशिष्ट प्रसंगाचे, वस्तूचे किंवा वाक्याचे नाव आहे, तेवढ्याच बाजूला काढा. कामाच्या त्याच असतात.

तुम्ही पाठवलेल्या प्रतिक्रिया मी या रीतीने वाचल्या. "तोच असेल असं वाटलंच होतं" म्हणणाऱ्यांची चिंता करू नका. त्यांना तुमची पेरणी दिसली, म्हणजे पेरणी होती. "त्याने असं का केलं ते कळलं नाही" ही तक्रार खरी आहे, आणि तिचे मूळ नवव्या भागात आहे : हेतू तुम्ही त्या एकाच भागात फोनच्या नोंदींतून सांगितला, तोही नायिका समोर नसताना. पण मला सर्वांत नेमकी वाटली ती तिसरी प्रतिक्रिया, जी तुम्ही 'टोमणा' म्हणून बाजूला काढली आहे : "गोळी घालून मोकळे झाले." पहिल्या भागापासून नायिका प्रत्येक कठीण रात्री त्या माणसाच्या घरी जाऊन बसते. तो चहा टाकतो, ती बोलते, तो ऐकतो. असे पाच प्रसंग तुमच्या पटकथेत आहेत आणि ते उत्तम आहेत. प्रेक्षक सहाव्या प्रसंगाची वाट पाहत होता, ज्यात ती सगळे माहीत असताना त्याच स्वयंपाकघरात जाऊन बसेल आणि या वेळी बोलावे लागेल त्याला. तुम्ही त्याऐवजी पाठलाग दिला. मालिकेचे दुसरे पर्व होवो न होवो, तो सहावा प्रसंग आता लिहून काढा. खुर्च्या त्याच ठेवा, चहाही त्यालाच टाकू द्या, आणि तिचा पहिला प्रश्न खुनाविषयी नसू द्या. पहिल्या भागात त्याने तिला दिलेला सल्ला खरा होता का, एवढेच तिला विचारू द्या.